किती मासळी, किती डिझेलमध्ये? वाचकांचे प्रश्न

मत्स्यविद्यापीठांत नेमकं कसलं संशोधन चालतं आणि त्याचा किनाऱ्यावरच्या माणसाला काय उपयोग, यावर मागच्या अंकात प्रश्न मागवले होते. पत्रं भरपूर आली. त्यातली सहा घेतली आहेत, जागेसाठी थोडी आखडती करून. माझं शिक्षण मत्स्यशास्त्राचं आणि नोकरीची वर्षं मत्स्य-अर्थशास्त्र शिकवण्यात गेली, त्यामुळे उत्तरांत मासा आणि पैसा दोन्ही येणार.

प्रश्न : मॅडम, मी हर्णैचा. घरची दोन सिलिंडरची बोट आहे. दरवर्षी पेपरात येतं की मासळीचं उत्पादन वाढलं. आमच्या जाळ्यात ते दिसत नाही. हे आकडे आणतात कुठून? बंदरात कुणी टोपल्या मोजताना मला तरी कधी दिसलं नाही. खोटं कोण बोलतंय, आम्ही की सरकार?

उत्तर : दादा, कुणीच खोटं बोलत नसण्याची शक्यता जास्त आहे. आधी आकडा कसा तयार होतो ते सांगते.

देशभरातली प्रत्येक टोपली मोजणं कुणालाच शक्य नाही. १९४७ साली स्थापन झालेली आणि आता कोचीला मुख्यालय असलेली केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था नमुना पद्धतीने अंदाज काढते. किनाऱ्याचे विभाग पाडायचे, त्या विभागातली बंदरं निवडायची, महिन्यातले काही दिवस निवडायचे आणि त्या दिवशी आलेल्या बोटींपैकी काही बोटींची नोंद घ्यायची. पुढे हिशोबाने महिन्याचा, मग वर्षाचा आकडा निघतो. तुमच्याकडे बोटी बाहेर उभ्या राहतात, मासळी बैलगाडीतून वाळूवर येते आणि तिथेच लिलाव होतो. त्या गर्दीत वही घेतलेला एक माणूस तांडेलाला, म्हणजे बोटीच्या प्रमुखाला, विचारत असतो : जाळं कुठलं, किती वाव खोल पाण्यात टाकलं, किती वेळा ओढलं, किती तास बाहेर होता, कुठली मासळी किती किलो. मग एखाद्या टोपलीतले मूठभर मासे पट्टीवर आडवे ठेवून तोंडापासून शेपटीपर्यंतची लांबी टिपतो. तो निवडलेल्या दिवशीच येतो, म्हणून तुमची त्याची गाठ पडली नसेल.

आता मुख्य मुद्दा. एकूण उत्पादन वाढणं आणि तुमच्या बोटीला कमी मिळणं, या दोन्ही गोष्टी एकाच वर्षी खऱ्या असू शकतात. समजा एका बंदरात शंभर बोटी होत्या आणि प्रत्येकीला दिवसाला पन्नास किलो मिळत होतं. एकूण पाच हजार किलो. पुढे बोटी दोनशे झाल्या आणि प्रत्येकीला तीस किलो मिळू लागलं. एकूण सहा हजार. पेपरात येणार, उत्पादन वीस टक्क्यांनी वाढलं. तुमच्या घरात मात्र चाळीस टक्क्यांची घट आली. शिवाय पूर्वी तासाभराच्या अंतरावर मिळणाऱ्या मासळीसाठी आता चार तास जावं लागत असेल तर डिझेलचा खर्च वेगळाच.

म्हणून आमच्या शास्त्रात नुसत्या ‘किती मासळी’ला फारसा अर्थ नाही. किती तासांत, किती जाळ्यांत, किती अश्वशक्तीच्या इंजिनाने, किती लिटर डिझेल जाळून, हे सोबत हवं. जीवशास्त्रज्ञाला त्यावरून समुद्रात मासा किती उरलाय याचा अंदाज येतो आणि अर्थशास्त्रज्ञाला धंदा तगतोय का ते कळतं. हे दोन विषय जिथे एकत्र येतात तो हाच आकडा. वार्षिक उत्पादनाच्या बातमीशेजारी तो छापला गेला पाहिजे, असं मला फार मनापासून वाटतं.

अर्थात तोही आंधळेपणाने वापरला तर फसवतो. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड किनाऱ्यावरच्या कॉड माशाचं उदाहरण आम्ही दर वर्षी शिकवतो. १९८०च्या दशकात किनाऱ्याजवळचे छोटे मच्छीमार ओरडून सांगत होते की कॉड कमी होतोय, लहान होतोय. मोठ्या ट्रॉलर्सना मात्र दर तासाला चांगली मासळी मिळत होती. कारण मासा कमी झाला तरी उरलेला एका ठिकाणी गोळा होत होता, आणि तो कुठे आहे हे यंत्रावर दिसत होतं. साठ्याचा अंदाज काढताना त्या ट्रॉलर्सच्या आकड्यांवर फार भिस्त ठेवली गेली. २ जुलै १९९२ला सरकारला कॉडची मासेमारी बंद करावी लागली आणि सुमारे तीस हजार माणसांचं काम एका घोषणेने गेलं. ती बंदी उठायला २०२४ साल उजाडलं. छोट्या बोटीवाल्याचं म्हणणं नोंदवून घेणं हा शास्त्राचाच भाग आहे, हे त्या किनाऱ्याने फार मोठी किंमत देऊन जगाला शिकवलं.

बोटी इतक्या का वाढतात, हेही तुम्ही पत्रात पुढे विचारलंय. त्याचं उत्तर १९५४ साली स्कॉट गॉर्डन या कॅनेडियन अर्थशास्त्रज्ञाने मांडलं. समुद्रातला मासा कुणाच्या मालकीचा नाही. धंद्यात थोडा जरी नफा दिसला तरी नवी बोट उतरते. आणखी एक उतरते. सगळ्यांचं मिळून उत्पन्न आणि सगळ्यांचा मिळून खर्च जिथे सारखा होतो तिथेच हे थांबतं. म्हणजे नफा संपेपर्यंत. गंमत म्हणजे त्याच वर्षी मिल्नर शेफर या अमेरिकी जीवशास्त्रज्ञाने माशांची वाढ आणि मासेमारी यांचं गणित मांडलं आणि दोघांची मांडणी एकमेकींत बसली. आजही जगभर विद्यार्थी ती एकत्रच शिकतात.

यात डिझेल कुठे येतं? डिझेल स्वस्त झालं की खर्चाची रेघ खाली जाते, आणि ज्या ठिकाणी बोटी थांबल्या असत्या त्याच्या पुढे जातात. आणि सरकार डिझेलवरचा कर लिटरमागे परत देतं, त्या परताव्याचा सगळ्यात मोठा वाटा सगळ्यात जास्त डिझेल जाळणाऱ्याला जातो. तुमच्या दोन सिलिंडरला त्यातला चतकोर. मदत बंद करा असं मी म्हणत नाही. ती लिटरवर न देता छोट्या बोटीच्या विम्यावर, बर्फावर, पावसाळी बंदीच्या काळातल्या घरखर्चावर द्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि एक विनंती. तुम्ही स्वतः वही ठेवा. तारीख, किती तास, किती लिटर, कुठली मासळी किती किलो, लिलावात काय भाव मिळाला. एवढंच. गावातल्या दहा बोटींनी ती पाच वर्षं ठेवली, तर तुमच्या बंदरासाठी तिच्याइतकी बोलकी नोंद दुसरी कुठलीही नसेल. अधिकाऱ्यासमोर बसताना ती हातात असू द्या.

प्रश्न : मी पुण्यात राहते. बाजारात तळहाताएवढी पापलेटं स्वस्तात मिळतात. मोठी परवडत नाहीत. लहान पापलेट घेऊ नका असं कुठेतरी वाचलं. आम्ही चार पापलेटं न घेतल्याने समुद्रात काय फरक पडणार?

उत्तर : तुमच्या एकट्या पिशवीने नाही पडणार. पण ज्या बाजारात लहान पापलेटला गिऱ्हाईकच नाही, तिथे ते आणणाऱ्याचा उत्साह मावळतो, हे नक्की.

हिशोब करून बघू. भाव समजण्यापुरते धरते. शंभर ग्रॅमची शंभर पापलेटं पकडली, दहा किलो झाली, तीनशे रुपये किलोने तीन हजार मिळाले. तीच समुद्रात राहिली असती तर? सगळी जगली नसती. काही दुसऱ्या माशांनी खाल्ली असती, काही अशीच गेली असती. समजा निम्मी गेली. उरलेली पन्नास चारशे ग्रॅमची झाली, म्हणजे वीस किलो. मोठ्या पापलेटला भाव चौपट, बाराशे धरा. चोवीस हजार रुपये. शिवाय त्यातल्या माद्यांनी तोवर अंडी घातली असती, ते वेगळंच.

माशाची वाढ, त्याचा नैसर्गिक मृत्यू आणि आपली मासेमारी या तिघांचा मेळ घालून तो कुठल्या वयात पकडणं फायद्याचं, हे काढण्याचं गणित रेमंड बेव्हर्टन आणि सिडनी होल्ट या दोघा इंग्रज शास्त्रज्ञांनी १९५७ साली सविस्तर मांडलं. आपल्याकडची विद्यापीठं आणि संशोधन संस्था आजही त्याच वाटेने जातात. पण त्यासाठी माशाचं वय कळायला लागतं, आणि आपल्या उष्ण समुद्रात ते सोपं नसतं. माशाच्या डोक्यात, कानाच्या जागी, चुन्याचा एक बारीक खडा असतो. घोळ आणि ढोमा यांच्या कुळात तो चांगला मोठा असतो. थंड समुद्रातल्या माशाचा खडा कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की झाडाच्या खोडासारखी वर्षाची वळी दिसतात. आपल्याकडे हिवाळा-उन्हाळ्यात पाण्याच्या तापमानात तेवढा फरक नसतो, त्यामुळे वळी पुसट येतात. मग रोजच्या वाढीच्या अतिसूक्ष्म रेषा मोजाव्या लागतात, किंवा महिनोन्‌महिने हजारो माशांच्या लांब्या टिपून त्यातून वाढ ओळखावी लागते. बंदरावर पट्टी घेऊन बसलेली मुलं जे करतात ते हेच. कंटाळवाणं दिसतं, पण पापलेट किती लांबीचं झाल्यावर पकडावं हा कायद्यातला आकडा त्या पट्टीवरूनच निघतो.

पापलेटच्या बाबतीत अजून एक गोष्ट घडली आहे. आपलं चंदेरी पापलेट आणि चीनच्या बाजूच्या समुद्रातलं पापलेट एकच, असं बराच काळ मानलं जात होतं. अलीकडे डीएनए तपासून आपलं वेगळ्या जातीचं मानलं जाऊ लागलं आहे. नावापुरता बदल वाटेल, पण तिकडच्या माशाची वाढ, तिकडचं प्रजननाचं वय इकडे उसनं घेऊन चालत नाही, ते आपल्याच किनाऱ्यावर मोजावं लागतं. २०२३ साली चंदेरी पापलेट महाराष्ट्राचा राज्यमासा झाला. त्यामागे सातपाटीच्या मच्छीमार संस्थांनी धरलेला आग्रह होता. त्याच वर्षी राज्याने ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवून दिला. निर्णय चांगला आहे. तो बंदरावरच्या लिलावात आणि जाळ्याच्या आसात, म्हणजे भोकांच्या मापात, उतरला पाहिजे. आस बारीक असेल तर कागदावरचा आकार माशाला माहीत नसतो.

मच्छीमार लहान मासा का सोडत नाही, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. एक कारण उघड आहे : मी सोडला तर मागून येणारा पकडेल. दुसरं कारण कॉलिन क्लार्क या कॅनडातल्या गणितज्ञाने १९७३ साली दाखवलं, आणि ते फार अस्वस्थ करणारं आहे. मासा ज्या गतीने वाढतो त्यापेक्षा पैशावरचं व्याज जास्त असेल, तर पैशाच्या हिशोबाने मासा आत्ताच पकडून संपवणं ‘फायद्याचं’ ठरतं. त्याने ते देवमाशासारख्या हळू वाढणाऱ्या प्राण्यांबाबत मांडलं. आपल्याकडे मुशी हळू वाढते, पिल्लंही थोडी देते. आता ज्या नौकामालकाने दलालाकडून उचल घेतली आहे, ज्याच्या डोक्यावर व्याज चढतंय, त्याला पुढच्या वर्षीच्या मोठ्या माशाची वाट बघ म्हणून सांगणं सोपं आहे का? स्वस्त आणि वेळेवर कर्ज देणं हा मासा वाचवण्याचाच उपाय आहे, असं मी म्हणते तेव्हा माझे जीवशास्त्रातले सहकारी आधी चमकतात आणि मग मान हलवतात.

तर ताई, तळहाताएवढं पापलेट नका घेऊ. त्या पैशात बांगडा घ्या, मांदेली घ्या. चवीला कमी नाहीत आणि लवकर वाढणारी मासळी आहे.

प्रश्न : दोन-चार वर्षांपूर्वी तारली दिसेनाशी झाली होती, आता पुन्हा दिसते. हे जास्त मासेमारीमुळे होतं की हवामानामुळे?

उत्तर : दोन्हीमुळे, पण तारलीच्या बाबतीत समुद्राचा हात मोठा. केरळचे आकडे डोळ्यांत भरणारे आहेत. २०१२ साली तिथे सुमारे चार लाख टन तारली मिळाली होती. २०२१ साली ३,२९७ टन. पावसाळ्यात वाऱ्यामुळे खालचं थंड, खनिजांनी भरलेलं पाणी वर येतं, त्यावर सूक्ष्म वनस्पती वाढतात आणि तारली त्यावर जगते. २०१५च्या एल निनोच्या वर्षी समुद्र तापला आणि हे चक्र बिघडलं, असं केंद्रीय संस्थेच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं. तारलीचं आयुष्य दोन-अडीच वर्षांचं, त्यामुळे ती झपाट्याने कोसळते आणि अनुकूल पाणी मिळालं की झपाट्याने सावरते. आपण एवढंच करू शकतो की वाईट वर्षांत तिची पिल्लं ओढायची नाहीत. केरळने दहा सेंटिमीटरपेक्षा लहान तारली पकडायला मनाई केली आहे ती त्यासाठीच.

प्रश्न : माझी आई पहाटे तीनला उठून भाऊच्या धक्क्यावर जाते, मासळी घेते आणि दिवसभर बाजारात बसून विकते. मी बी.कॉम. करतेय. मत्स्यव्यवसायाच्या अभ्यासात बोटी आहेत, जाळी आहेत, निर्यात आहे. आई कुठेच नाही. तिचा अभ्यास कोण करतं?

उत्तर : तुझं पत्र मी दोनदा वाचलं. माझी आजी वेंगुर्ल्याच्या बाजारात बसायची, म्हणून असेल.

थोडा अभ्यास झालाय. २००५, २०१० आणि २०१६च्या सागरी मत्स्यगणनेत विक्री, सुकवणं, कोळंबी सोलणं अशा कामांतल्या बायकांची वेगळी नोंद आहे. मत्स्य-अर्थशास्त्रात एक नेहमीचा विषय असतो : गिऱ्हाइकाने दिलेल्या शंभर रुपयांतले मच्छीमाराच्या हातात किती पडतात? मधले कुठे जातात? पण या अभ्यासांत विक्रेती बहुतेक वेळा ‘मधली माणसं’ या रकान्यात जाते, आणि निर्यातदार, मोठा व्यापारी, डोक्यावर पाटी घेणारी बाई हे सगळे एका ओळीत येतात. हे मला मान्य नाही. तुझ्या आईची जोखीम बघ. लिलावात तिला माल आधी घ्यावा लागतो, भाव तिच्या हातात नसतो. बर्फ तिचा, टेम्पोचं भाडं तिचं, बाजारातल्या जागेचे पैसे तिचे. दुपारनंतर मासळीचा भाव घसरतो आणि उरलेली मासळी तिच्या नुकसानीत जाते. बोटीला डिझेलचा परतावा मिळतो. तिच्या बर्फाला काय मिळतं?

आणि ज्या कामाला पैसेच मिळत नाहीत त्याचं काय? वसई-वर्सोव्याकडे वलांडीवर बोंबील वाळत घालायचे, पाऊस भुरभुरला की धावत काढायचे, पुन्हा घालायचे. ही कामं बायकांची. घरच्या बोटीचे बोंबील असतील तर त्या श्रमाची मजुरी कुठल्याच वहीत येत नाही, आणि मग सुक्या बोंबलाचा धंदा आहे त्यापेक्षा जास्त नफ्याचा दिसतो. आमच्या रत्नागिरीच्या खाड्यांत ओहोटीला कमरेएवढ्या चिखलात उभं राहून तिसऱ्या (शिंपल्या) आणि कालवं काढणाऱ्या बायकांचंही तेच.

तू बी.कॉम. आहेस, हिशोब तुझा हातखंडा. आईसोबत बसून एका महिन्याची वही कर. लिलावात काय भावाने घेतलं, बर्फ किती, टेम्पो किती, किती वाजता काय भावाने गेलं, काय उरलं, उरलेल्याचं काय केलं. आईचे तासही लिही, पहाटे तीनपासून मोज. तिच्या शेजारच्या चार बायकांचं करता आलं तर कर. नावं घालू नकोस, त्यांची परवानगी मात्र घे. असं काम घेऊन तू वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेतल्या किंवा एखाद्या विद्यापीठाच्या अर्थशास्त्र विभागातल्या प्राध्यापकांकडे गेलीस, तर ते तुला खुर्ची देऊन बसवतील याची मला खात्री आहे.

प्रश्न : मालवणहून लिहितो. कायदा आहे, गस्त आहे, तरी बाहेरच्या बोटी घुसतात. गावाने आपसात नियम करून समुद्र सांभाळता येतो का? की हे सगळं पुस्तकी?

उत्तर : सांभाळता येतो, पण काही अटींवर. याच अटींचा शोध घेण्यात एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी आयुष्य घालवलं. त्या मूळच्या राज्यशास्त्रज्ञ. २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणारी पहिली स्त्री. सामायिक मालमत्ता म्हणजे लूटच होणार, एक तर सरकार आणा नाही तर खासगी मालक, असं मानण्याच्या काळात त्यांनी जगभरची गावं धुंडाळून दाखवलं की लोक स्वतः नियम करतात आणि पाळतातही.

त्यांचं एक उदाहरण तुर्कस्तानातल्या अलान्या गावाचं. तिथे साधारण शंभर मच्छीमार. चांगल्या जागांवरून मारामाऱ्या व्हायच्या. त्यांनी जागांची यादी केली, प्रत्येक जागेत एवढं अंतर की एकाच्या जाळ्याने दुसऱ्याचा मासा अडू नये. सप्टेंबरमध्ये चिठ्ठ्या टाकायच्या. ज्याला जी जागा आली तिथून रोज एक जागा पूर्वेला सरकायचं, जानेवारीनंतर पश्चिमेला. म्हणजे मोसमात चांगली जागा सगळ्यांच्या वाट्याला येते. लक्ष ठेवायला वेगळा पहारेकरी लागत नाही, कारण आपल्या चांगल्या दिवशी कुणी घुसला तर ज्याचा दिवस तोच भांडतो. आपल्याकडे आंध्र-तमिळनाडूच्या सीमेवरच्या पुलिकत सरोवरात ‘पाडू’ नावाची पाळीची जुनी पद्धत आहे. आणि किनाऱ्यावरून ओढायच्या रापणीत जाळ्याचा वाटा, मेहनतीचा वाटा, दोर ओढायला हात लावणाऱ्याचाही वाटा, हे मालवणच्या माणसाला मी काय सांगावं!

मग मालवणला अडतं कुठे? ऑस्ट्रॉम यांच्या अटींतल्या दोन इथे मोडतात. हद्द स्पष्ट हवी, आणि गावाने केलेल्या नियमाला वरच्या सरकारने मान द्यायला हवा. बांगड्याचा थवा गावाची हद्द ओळखत नाही. प्रकाशझोत टाकून एका रात्रीत थवा उचलणाऱ्या बोटीला रापणीच्या पाळीशी देणंघेणं नसतं, कारण ती उद्या दुसऱ्या बंदरासमोर असेल. एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राने २०१७ साली बंदी घातली, आणि १९८१च्या महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियमातही २०२१ साली दुरुस्ती करून दंड मोठे केले. किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंतची जबाबदारी राज्याची. तिथे गस्तीची बोट आणि गावाची समिती एकत्र काम करायला हवीत. गावाने कुठली बोट, कुठल्या वेळी, कुठे दिसली ते टिपायचं आणि गस्तीने त्या टिपणावर जायचं. गावाची समिती गस्तीशिवाय हतबल होते. आणि गस्तीला किनारा मोठा पडतो.

प्रश्न : मी दापोलीत बारावी सायन्सला आहे. मला समुद्राचं संशोधन करायचंय. घरचे म्हणतात, मासे मोजायला डिग्री कशाला? आणि मला बोट लागते, मळमळतं. चालेल का?

उत्तर : चालेल! बोट लागणारे नामांकित मत्स्यशास्त्रज्ञ मी पाहिलेत. काही जणांना सवयीने कमी होतं, काही जण बंदर, प्रयोगशाळा आणि संगणक यांवरच उत्तम काम करतात.

तुझ्या घराजवळच दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ आहे. त्याचं मत्स्य महाविद्यालय रत्नागिरीत शिरगावला, १९८१ सालापासून. तिथे चार वर्षांची मत्स्यशास्त्राची पदवी होते. नागपूर आणि उदगीरलाही मत्स्य महाविद्यालयं आहेत, ती नागपूरच्या पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची. पुढे वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. १९६१ साली सुरू झाली, १९८९ पासून अभिमत विद्यापीठ आहे, आणि तिथे पदव्युत्तर शिक्षण व पीएच.डी. होते. एक गोष्ट आत्ताच लक्षात ठेव : मत्स्यशास्त्राच्या पदव्युत्तर प्रवेशाला बहुतेक ठिकाणी मत्स्यशास्त्राचीच पदवी लागते. साधं प्राणिशास्त्र घेऊन मग इकडे वळू म्हणशील, तर वाट अरुंद होते. समुद्राच्या पाण्याची, प्रवाहांची, प्लवकांची (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांची) ओढ जास्त असेल तर गोव्याचा विचार कर. तिथे विद्यापीठात सागरी विज्ञान आहे आणि दोना पावलाला १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. पैशाची बाजू जास्त खुणावत असेल तर पुण्याची १९३०ची गोखले अर्थशास्त्र संस्था आहे.

घरच्यांना सांग, या पदवीवर मत्स्यव्यवसाय विभागात, बँकेत, कोळंबीच्या बीज केंद्रात, खाद्याच्या कंपन्यांत, निर्यातीच्या तपासणीत कामं मिळतात. आणि मासे मोजण्यासाठी डिग्री लागते, कारण अवघड भाग मोजण्यात नसतो. शंभर बोटींतल्या कुठल्या दहा मोजायच्या, आणि त्या दहांवरून शंभरांबद्दल किती खात्रीने बोलायचं, ते शिकावं लागतं. म्हणून गणित सोडू नकोस. आमच्याकडे येणारी मुलं माशांवरच्या प्रेमापोटी येतात आणि संख्याशास्त्राच्या पेपराला धास्तावतात. बारावीचं संभाव्यतेचं प्रकरण नीट कर. पहिल्या वर्षाच्या सुट्टीत एखादी सांख्यिकीची संगणकीय प्रणाली शीक, ‘आर’ फुकट मिळते. माशांची ओळख आम्ही करून देऊ.